चाचणीतला पाय आणि आपला पाय

कागलजवळ पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडताना मोटारीची धडक बसली, तर बंपर बहुधा गुडघ्याच्या आसपास आदळतो. नडगीचे हाड मोडते किंवा गुडघ्याचे लिगामेंट तुटतात. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी अपघातांत दगावले. जिवंत राहून कायमचे लंगडणारे या आकड्यात नाहीत.

ही इजा मोजायला कृत्रिम पाय बनवले गेले. ब्रिटनमधील आधीच्या पायाची हाडे ताठ होती. जपानमध्ये नंतर तयार झालेल्या पायाची नडगी खऱ्या हाडासारखी वाकते. उभ्या मोटारीच्या बंपरवर तो ताशी ४० किलोमीटर वेगाने आदळवतात. नडगी किती वाकली, लिगामेंट किती ताणले, हे आतले सेन्सर सांगतात. त्यावरून बंपर अधिक मऊ करता येतो. भारतात पादचारी सुरक्षेसाठी ‘एआयएस-१००’ हे मानक आहे.

पण चाचणी ताशी ४० किलोमीटरची आणि पाय प्रौढाचा. वेग दुप्पट झाला, की धडकेची ऊर्जा चौपट होते. म्हणून वस्तीजवळ वेग आवरणे चालकाच्याच हाती आहे.

धडकेनंतर एक्स-रेत हाड शाबूत दिसले तरी निश्चिंत होऊ नका; त्यात लिगामेंट दिसत नाहीत. गुडघा सुजला किंवा चालताना निसटल्यासारखा वाटला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.