नामदेवांच्या गाथेतील पुनरुक्त अभंग व त्यांची व्यवस्था

एकच अभंग एका गाथेत दोन ठिकाणी, दोन निरनिराळ्या क्रमांकांखाली छापलेला आढळावा, ही मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासकास नवी गोष्ट नव्हे. पुष्कळदा दोहोंचे आरंभीचे शब्द वेगळे असतात. त्यामुळे अनुक्रमणिकेवरून नजर फिरविणाऱ्यास ते दोन स्वतंत्र अभंग वाटतात. कडवी ताडून पाहिली म्हणजे रचना एकच असल्याचे ध्यानात येते. कधी हीच रचना दुसऱ्या एखाद्या संताच्या गाथेत, त्या संताच्या नाममुद्रेसह, तिसऱ्यांदा भेटते. अशा नोंदींचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता संपादकाच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः कवीचा काळ, त्याची भाषा आणि त्याचे चरित्र यांविषयी जी विधाने केली जातात, त्यांतील कितीएक या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

याचे उत्तम उदाहरण नामदेवांचे होय. कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे गाव परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. हे गाव १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. त्या दिवशी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला व नर्सी त्यात आले. आषाढी वारीनंतर परतवारीच्या एकादशीस तेथे मोठी यात्रा भरते. मात्र रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९१३ सालच्या आपल्या वैष्णव व शैव संप्रदायांवरील ग्रंथात नरसी बामणी हे कऱ्हाडनजीकचे गाव मानले, आणि नामदेवांचा जन्म पंढरपूरचाच असे म्हणणारा पक्षही आहे. या वादात बाजू मांडणारे बहुधा अभंगांचाच आधार घेतात. आता असे समजा की, एखाद्या गावाचा निर्देश चार अभंगांत आहे. वाचकास पुरावे चार दिसतात. त्यांपैकी दोन अभंग मुळात एकच असतील तर पुरावे तीन उरतात. उरलेल्यांतील एक पुढच्या काळातील दुसऱ्या नामाचा ठरला तर दोनच. गाथेतील पुनरुक्ती ओळखली नाही, तर एकाच साक्षीदाराची जबानी दोनदा मोजण्याचा दोष अभ्यासकाकडून नकळत घडतो. नर्सीची परंपरा यामुळे खोटी ठरते असे नाही. तिला किती आधार आहे हे नेमके कळते, इतकेच.

पुनरुक्ती उत्पन्न कशी होते हे पाहिले म्हणजे ती कशी हाताळावी याचाही अंदाज येतो. नामदेवांचा परंपरागत काळ १२७० ते १३५० असा आहे. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली पोथी उपलब्ध नाही. अभंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते गळ्यातून, आणि कागदावर आले ते मुख्यतः कीर्तनकारांच्या बाडांतून. बाड म्हणजे पोथी नव्हे. पोथी एका ग्रंथाची असते, ती आदरपूर्वक नकलली जाते. बाड ही कीर्तनकाराची कामाची वही. निरूपणास लागतील तसे अभंग, पदे, श्लोक, दृष्टांत तीत टिपलेले असतात. एका पानावर ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम असे सर्वच एकत्र नांदतात, कारण त्यांना एकत्र आणणारा धागा कवीचा नसून विषयाचा असतो. ख्रिश्चन नोवेट्झके यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नामदेवविषयक ग्रंथात या बाडांचे महत्त्व विस्ताराने मांडले आहे, आणि ते सर्वस्वी योग्य आहे. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या आरंभी छापील गाथा सिद्ध करणाऱ्यांपुढे अशी अनेक बाडे होती. एकात जो अभंग नाममहिम्याखाली होता तोच दुसऱ्यात पंढरीमाहात्म्याखाली होता. दोन्हीकडून तो उचलला गेला आणि गाथेत दोन प्रकरणांत जाऊन बसला. यात संपादकांचा आळस शोधण्याचे कारण नाही. हाती आलेले काही गळू नये, ही त्यांची भावना होती, आणि तिच्यामुळेच पुष्कळ रचना आज वाचल्या आहेत.

छापील गाथांच्या अनुक्रमणिका बहुशः अभंगाच्या पहिल्या चरणावरून केलेल्या असतात. येथेच मोठी अडचण उद्भवते. गाताना ध्रुपद बदलते. एखाद्या गायकास दुसऱ्या कडव्यातील चरण अधिक रसाळ वाटला, म्हणजे तो त्याचेच ध्रुपद करतो; त्याचे ऐकून लिहिणारा त्या चरणापासूनच अभंग लिहावयास घेतो. अभंग तोच राहतो, पण अकारविल्हे सूचीत तो ‘अ’ खालून ‘प’ खाली जातो. म्हणून पहिल्या चरणांची सूची पुनरुक्ती शोधण्यास निरुपयोगी ठरते. सर्व चरणांची सूची करावी लागते. नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने १९७० साली जी गाथा प्रसिद्ध केली तीत दोन हजारांहून अधिक रचना आहेत. अभंगास सरासरी पाच कडवी व कडव्यास चार चरण असा नुसता अंदाज धरला तरी चाळीस हजारांवर चिठ्ठ्या होतात. पूर्वी हे काम एका माणसाच्या आयुष्यास पुरले असते. संगणकामुळे आज ते आवाक्यात आले आहे. तथापि संगणकास ‘तयासी’ व ‘त्यासी’ हे दोन वेगळे शब्द वाटतात, आणि ‘नामें’ व ‘नामे’ हेही वेगळेच. यासाठी प्रत्येक चरणाचे एक साधे रूप आधी बनवावे लागते: अनुस्वार काढावयाचे, ऱ्हस्वदीर्घाचा भेद सोडावयाचा, ‘नि’, ‘नियां’, ‘न’ हे धातुसाधितांचे प्रत्यय एकच समजावयाचे. हे रूप केवळ शोधण्यासाठी. संहितेत त्याचा शिरकाव होता कामा नये.

अशा शोधातून जे हाती येते ते सगळेच पुनरुक्त असते असे मात्र नाही. भक्तिपर रचनेत काही चरण सर्वांच्या मालकीचे असतात. विटेवरील समचरण, कटीवरील कर, चंद्रभागेचे वाळवंट यांचे वर्णन करणारे चरण शेकडो अभंगांत जवळजवळ त्याच शब्दांत येतात. दोन अभंगांत असा एखाददुसरा चरण समान आहे एवढ्यावरून त्यांना एक ठरविणे म्हणजे दोन घरांना एकाच घडणीची दारे आहेत म्हणून ती एकच घरे मानण्यासारखे होय. खरी कसोटी चरणांच्या क्रमाची आणि आशयाच्या वळणाची आहे. तीन-चार कडवी एकाच क्रमाने, एकाच विचाराला बांधलेली आढळली, तरच अभंग एक म्हणावा. पुनरुक्ती न ओळखल्याने पुरावा फुगतो; ती नसताना मानली तर एक रचना कायमची नाहीशी होते. या दोन चुकांपैकी दुसरी अधिक वाईट, कारण एकदा गाळलेला अभंग पुढच्या अभ्यासकाच्या दृष्टीसच पडत नाही.

दोन नोंदी एकाच अभंगाच्या आहेत असे ठरल्यावर मुख्य कोणती मानावी? येथे छंद आणि भाषा यांचे साहाय्य होते. थोरल्या अभंगात पहिले तीन चरण सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असतो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक असते. एका नोंदीत ‘प्रेमें’ आणि ‘नामें’ असे यमक आहे व दुसरीत ‘प्रेमें’च्या जागी ‘प्रेमाने’ आले आहे असे समजा. दुसरीत एक अक्षर वाढले आणि यमकही गेले. तेव्हा ‘प्रेमें’ हा पाठ आधीचा, व ‘प्रेमाने’ हे नंतरच्या गायकाच्या तोंडचे रूप, हे अनुमान निर्धास्तपणे करता येते. हिंगोलीच्या सीमेलगत वाशीम व यवतमाळ असल्याने त्या भागातील वह्यांत वऱ्हाडी उच्चारही डोकावू शकतात. ‘डोळा’चे ‘डोया’ झालेले आढळले तर त्यावरून गायक वा लेखक कोणत्या भागातील हे कळते, कवीविषयी काही कळत नाही. फारसी-अरबी शब्दांबाबतही हीच सावधगिरी हवी. अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली ती १२९६ साली, म्हणजे नामदेवांच्या हयातीतच; म्हणून असा एखादा शब्द दिसताच अभंग उत्तरकालीन म्हणता येत नाही. पुनरुक्त नोंदीत त्या जागी जुना देशी शब्द असेल, तर तो शब्द बदलीने आलेला आहे हे उघड होते. एकच नोंद असती तर हे कधी कळलेच नसते.

उलट बाजूचे अनुमान मात्र करू नये. जुनी रूपे आहेत म्हणून रचना जुनी, हा युक्तिवाद अभंगवाङ्मयात टिकत नाही. ‘तयासी’, ‘करूनियां’, ‘प्रेमें’ ही रूपे नामदेवांनंतर तीन शतकांनी झालेल्या तुकारामांच्या वाणीतही आहेत, आणि आजचा अभंगकारही ती हौसेने योजतो. भाषेवरून अर्वाचीनत्व दाखविता येते. प्राचीनत्व सिद्ध करणे फार अवघड आहे.

अभंग मोठा व लहान अशा दोन रूपांत मिळतो तेव्हा वाचकाचा ओढा मोठ्या रूपाकडे असतो. परंतु नाममुद्रा शेवटच्या कडव्यात असल्याने भर घालावयाची ती तिच्या आधीच घालावी लागते. म्हणून मुद्रेच्या अलीकडील कडवी एका नोंदीत आहेत व दुसरीत नाहीत असे आढळल्यास संशयाचा रोख त्या कडव्यांवर ठेवावा.

सर्वांत कठीण वर्ग दोन मुद्रांच्या अभंगांचा. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा या नावाचा कवी होऊन गेला. महाभारतावरील त्याची ओवीबद्ध रचना प्रसिद्ध आहे. त्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळले, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे. मुद्रेवरून त्यांची वाटणी करावी तर ‘विष्णुदास’ हे विशेषनाम असू शकते तसेच विशेषणही असू शकते. विष्णूचा दास म्हणवून घेण्यास नामदेवांनाही प्रत्यवाय नव्हता. जनाबाईच्या बाबतीत अडचण निराळी आहे. तिच्या मुद्रेतच नामदेवांचे नाव येते. शेवटचे कडवे अर्धवट उतरले, अथवा घाईने वाचले गेले, तर रचना सहज नामदेवांच्या नावे जाते. दोन नोंदींपैकी एक ‘नामा म्हणे’ व दुसरी जनीच्या मुद्रेची असेल, तर गाथेचा नायक नामदेव म्हणून पहिली राखणे व दुसरी गाळणे हे अन्यायाचे होईल. प्रसिद्ध कवीच्या नावावर रचना जमा होत जाणे ही नेहमीची प्रवृत्ती आहे; त्यामुळे कमी प्रसिद्ध मुद्रेस संशयाचा लाभ देणे शास्त्रास धरून आहे.

संहिताशुद्धीचे काम मराठीस नवे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी सूचना देऊन ठेवली. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यासाठी विष्णु सीताराम सुखठणकर यांनी घालून दिलेली शिस्त सर्वमान्य झाली. परंतु ती पद्धती अभंगांस जशीच्या तशी लावता येत नाही. तीत हस्तलिखितांची वंशावळ गृहीत असते. एका प्रतीवरून दुसरी उतरली असे मानता येते. अभंगाच्या बाबतीत दोन लेखनांच्या मध्ये गाणारी माणसे उभी असतात. विनान्ट कॅलेवार्ट व मुकुंद लाठ यांनी १९८९ साली नामदेवांच्या हिंदी पदांचे संपादन करताना हीच गोष्ट पुढे आणली. त्या पदांपैकी एकसष्ट पदे १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात स्थिर झाली. दादूपंथीयांच्या हस्तलिखितांत त्यांतील काही वेगळ्या रूपांत आढळतात. आदिग्रंथातील पदांत ‘चे’ हा मराठी षष्ठीचा प्रत्यय अजून जिवंत आहे. पंजाबी गायकास तो परका होता, म्हणूनच बहुधा त्याने त्यास हात लावला नाही. मराठी गायकाने मात्र आपली भाषा सहजपणे बदलत नेली.

या सर्वांवरून व्यवस्थेचे स्वरूप असे ठरते. एकही नोंद गाळू नये. पुनरुक्त नोंदींचा एक गट करून त्यांतील एकीस मुख्य मानावे, तिचा पाठ पूर्ण छापावा, व इतरांचे पाठभेद तिच्या खाली द्यावेत. मात्र मुख्य नोंद म्हणजे मूळ पाठ, असा समज होऊ देऊ नये. तिची निवड कोणत्या कारणाने केली हे प्रत्येक ठिकाणी एका वाक्यात सांगावे. गटातील रचना वेगवेगळ्या मुद्रांच्या असतील तर मुख्य नोंद ठरविण्याचा आग्रहच सोडावा आणि दोन्ही पूर्ण छापून परस्परांकडे निर्देश करावा. प्रत्येक पाठ कोणत्या बाडातून वा कोणत्या छापील गाथेतून आला हे त्याच्याबरोबर राहिले पाहिजे, नाहीतर पुढे कोणास हा निर्णय तपासता येणार नाही.

जुन्या क्रमांकांचे काय करावयाचे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याकडे दुर्लक्ष झाले तर गोंधळ माजतो. कीर्तनकार, भजनी मंडळे, प्रबंधलेखक हे सर्व आपापल्या हातातील गाथेच्या क्रमांकाने अभंग सांगतात. नवी आवृत्ती काढताना पुनरुक्त अभंग काढून टाकले व उरलेल्यांस सलग क्रमांक दिले, तर पन्नास वर्षांतील सगळे निर्देश एका फटक्यात चुकीचे होतात. यास्तव रिकामा झालेला क्रमांक रिकामाच ठेवावा आणि त्याच्यासमोर मुख्य अभंगाचा क्रमांक लिहावा. तो दुसऱ्या अभंगास देऊ नये. यात आणखी एक लाभ आहे. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला व उरलेले तुकारामांनी पुरे करावेत अशी त्यांस आज्ञा झाली, ही कथा वारकऱ्यांच्या मनात खोल रुजलेली आहे. गाथेतील संख्या घटली असे ऐकून नर्सीच्या वा पंढरीच्या भाविकास वाईट वाटणे स्वाभाविक आहे. क्रमांक जागेवर असला आणि त्यासमोर अभंग कोठे गेला हे लिहिलेले असले, म्हणजे काही काढून घेतले गेले नाही हे त्यास आपल्या डोळ्यांनी पाहता येते.