गढूळ, निवळ आणि शुद्ध : वादळी पावसानंतरचे पाणी

आजचा विषय वरवर पाहता तत्त्वज्ञानाचा नाही. वादळी पाऊस झाला, पोहण्याच्या तलावात मातकट पाणी शिरले, ते साफ कसे करायचे? पण या प्रश्नात शब्दांची एक गफलत आहे, आणि तिच्यामुळे माणसे आजारी पडतात. ‘निवळ’ आणि ‘शुद्ध’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते एक नाहीत.

३१ ऑगस्ट २०२१ आठवा. चाळीसगाव परिसरात अतिवृष्टी झाली, तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. असा पूर ओसरला की विहीर काय, टाकी काय, तलाव काय, सगळ्या पाण्याचा रंग एकच. आपली खान्देशची काळी माती अतिशय बारीक. वाळूचा कण एक मीटर खोल पाण्यात दोनेक मिनिटांत तळ गाठतो. चिकणमातीचा मायक्रॉनभर आकाराचा कण तेवढ्याच अंतराला दहा-बारा दिवस घेतो, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार एकमेकांना दूर ढकलतो, म्हणून ते एकत्र येत नाहीत, जड होत नाहीत आणि बसत नाहीत. नुसती वाट पाहून भागत नाही ते यामुळे.

इथे तुरटी कामाला येते. आपल्या आज्या हंड्यात तुरटी फिरवायच्या, त्यात शास्त्र होते. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर धन भार असतो. तो मातीचा ऋण भार मोडतो, मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि खाली बसतात. तुरटीच्याही आधीपासून आपल्याकडे निवळीचे बी होते, संस्कृतात त्याला कतक म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याचा दाखला आहे. कतकाचे फळ पाणी निवळते हे खरे, पण त्याचे नुसते नाव घेऊन पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय. तर आपणही कृतीकडे वळू.

समजा तलाव २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. म्हणजे पावणेचार लाख लिटर पाणी. आधी जाळीने पालापाचोळा, काड्या, मेलेले किडे काढा. तुरटीची मात्रा अंदाजाने ठरवू नका. त्याच पाण्याच्या चार बादल्या भरा, प्रत्येकीत वेगवेगळे प्रमाण घाला, ढवळा आणि तासभर बघा. ज्या सर्वांत कमी मात्रेने पाणी निवळते, ती तुमची मात्रा. ती लिटरला ३० मिलिग्रॅम निघाली, तर पूर्ण तलावाला सव्वाअकरा किलो तुरटी लागेल. ती पाण्यात विरघळवून सगळीकडे पसरवा, थोडे ढवळा, मग पंप बंद करा आणि रात्रभर पाणी हलवू नका.

सकाळी वरचे पाणी स्वच्छ दिसेल. बहुतेक जण इथेच थांबतात. पण गाळ गेलेला नाही, तो फक्त खाली बसला आहे. पहिला मुलगा उडी मारेल आणि पुन्हा सगळे गढूळ. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोधा’त कतकाचीच उपमा आहे. ज्ञान अज्ञान दूर करते आणि मग स्वतःही उरत नाही, जशी कतकाची पूड मळ खाली नेते आणि स्वतःही पाण्यात राहत नाही. वेदान्तात एवढे पुरते. तलावात मात्र तो गाळ सक्शन पाइपने अलगद ओढून थेट बाहेर टाकावा लागतो. फिल्टरमधून फिरवला तर वाळू तुंबते. तुरटीने पाणी थोडे आम्लधर्मी होते, म्हणून नंतर पीएच तपासा. तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा, कमी असेल तर धुण्याचा सोडा वापरून वर आणा.

आता पाणी निवळ झाले. शुद्ध झाले का? नाही. पुराच्या पाण्यात गटार येते, गुरांचे शेण येते, आणि यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यासाठी क्लोरीन, म्हणजे आपली टीसीएल पावडर. मग ती आधीच का टाकायची नाही? कारण गढूळ पाण्यात बराच क्लोरीन घाणीवरच खर्च होतो आणि जंतू कणांच्या आडोशाला वाचतात. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी निवळणे, मग निर्जंतुक करणे. वरच्या तलावाला लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, तर ३० टक्क्यांची पावडर साधारण सव्वासहा किलो लागते. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचे पाणीच वापरा. तुरटी आणि टीसीएल कधीही एकाच बादलीत कालवू नका, विषारी वायू सुटू शकतो. क्लोरीन १ ते ३ मिलिग्रॅमवर उतरेपर्यंत कोणालाही पाण्यात सोडू नका.

काही जण म्हणतात, सगळे पाणी उपसूनच टाकू. मुसळधार पावसानंतर लगेच तेही नको. जमिनीत पाणी भरलेले असते, त्याच्या दाबाने रिकाम्या तलावाचा तळ उचलला जातो, फुटतो. आपली पोरे पाठीला डबा बांधून ज्या विहिरीत पोहायला शिकतात, तिचेही तसेच आहे. पुरानंतर ती एकदम उपसली तर कडा ढासळू शकतात. थोडे थोडे उपसा, आणि आत उतरण्याची घाई नको.

शेवटची कसोटी सोपी आहे. काठावर उभे राहा. सर्वांत खोल जागी तळाची जाळी स्पष्ट दिसते का? दिसत नसेल तर तलाव बंद. कारण जिथे जाळी दिसत नाही, तिथे बुडालेले मूलही दिसत नाही. आणि जाळी दिसली, तरी क्लोरीनची चाचणी झाल्याशिवाय तलाव उघडायचा नाही. पहिली गोष्ट डोळे सांगतात, दुसरी डोळ्यांना कळत नाही. या दोहोंतला फरक लक्षात राहिला, तर आजचे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन.