पत्र्याची खोली आणि जमिनीतली तार

आधी एक गंमत करून बघा. सेलवरचा चालू रेडिओ स्टीलच्या डब्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा. माझा आवाज खरखरेल, कदाचित बंदच पडेल. झाकण तिरकं केलंत की परत येईन! त्या डब्याला अर्थिंगची तार नव्हती, तरी लहरी अडल्या. अडवलं ते धातूनं आणि घट्ट झाकणानं.

टीव्ही, मिक्सर, दवाखान्यातली यंत्रं एकमेकांत खरखर करत नाहीत ना, हे तपासायच्या खोल्या अशाच असतात. भिंती, छत, तळ सगळं धातूचं. दाराच्या कडेला तांब्याच्या लवचीक पट्ट्या, फट राहू नये म्हणून.

मग अर्थिंग कशाला? माणसासाठी. खोलीत येणाऱ्या विजेच्या तारेवर गाळणी बसवलेली असते, तिला फिल्टर म्हणतात. तारेतली खरखर ती भिंतीकडे वळवते आणि तिच्याबरोबर थोडा करंटही सतत भिंतीत येतो. अर्थची तार तुटली तर हात लावणाऱ्याला झटका बसतो. म्हणून आधी अर्थ जोडायचा, मग वीज. तोही सहसा एकाच जागी, वीज आत येते तिथे.

जमिनीत गेलेला करंट नाहीसा होत नाही, हे आपल्या अलिबागकरांना ठाऊक असायला हवं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. रुळांतून परतणारा करंट जमिनीत झिरपला असता आणि कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकाची मोजणी बिघडली असती. तिथे तर पृथ्वीचंच चुंबकत्व मोजायचं, पत्र्याच्या खोलीचा उपयोग काय? म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, ही मोजणी अलिबागला आली, लोखंड टाळून बांधलेल्या खोल्यांत. ट्राम १९०७ साली धावली.

आता आपल्या रेवसचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या फ्रीजला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मी म्हणायची, जुना झालाय. वायरमननं मीटरमागचा खड्डा उकरला, तर खाऱ्या हवेनं तारेचा सांधा गंजून सुटलेला. फ्रीजमध्ये काही बिघाड झाला असता तर तो करंट माझ्यातूनच गेला असता.

तेव्हा तिसरी पिन कापून दोन पिनच्या प्लगात खुपसू नका. मासळीचा फ्रीज असेल त्यांनी पावसाआधी सांधा बघून घ्यावा, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतावं. सुक्या मातीतून करंट नीट जात नाही. आणि झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच बंद, मग वायरमनला फोन.