शिंगांच्या मुलखात

वणीहून नांदुरीमार्गे सप्तशृंगगडावर जाणाऱ्या यात्रेकरूला देवीचे दर्शन होण्यापूर्वी, पायऱ्यांच्या तळाशीच, तिच्या शत्रूचे दर्शन घडते. आणि ज्याच्या वधासाठी अठरा हातांत आयुधे धारण करून ती जगदंबा वर कड्याच्या पोटात उभी आहे, त्या महिषासुराच्या मस्तकालाही येथे स्वतंत्र स्थान आणि नित्य पूजा मिळते, ही गोष्ट मला लहानपणापासून विलक्षण वाटत आली आहे. देवीविषयी अधिकारवाणीने लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहावयाचे आहे ते पायथ्याच्या त्या रेड्याविषयी आणि त्याच्या विस्तीर्ण गोतावळ्याविषयी, म्हणजे ज्यांना कोणी रानात पाहिले नाही, परंतु ज्यांच्यावाचून आपल्या देवळांचे उंबरे, किल्ल्यांचे दरवाजे आणि गावोगावच्या यात्रा ओक्याबोक्या वाटल्या असत्या, अशा कल्पित जनावरांविषयी.

निमित्त माझ्या भाचीचे. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर, दप्तरांवर आणि वाढदिवसाच्या फुग्यांवर जो गुलाबी आयाळीचा, एका शिंगाचा पांढरा घोडा आज घरोघर जाऊन पोहोचला आहे, त्याचा तिला वीट आला आणि ती मला म्हणाली, “मामा, मला माझा स्वतःचा युनिकॉर्न पाहिजे. दुसऱ्या कुणाकडे नसेल असा.” मला ती मागणी अत्यंत न्याय्य वाटली, कारण स्वतःचे जनावर जुळवून घेण्याची वहिवाट आपल्या मुलखात फार जुनी आहे, आणि ज्या राजांनी, स्थपतींनी व मुखवटेकारांनी ती चालविली त्यांचे काम वर्षानुवर्षे पाहत आल्याने माझ्या मनाशी दोन दंडक पक्के झाले आहेत. जनावराचा प्रत्येक अवयव कर्त्याच्या नित्य पाहण्यातील प्राण्याचा असावा, हा पहिला. आणि त्या जनावराला एखादे काम नेमून दिलेले असावे, हा दुसरा. काम नसलेले कल्पित जनावर फुग्यावर शोभते, दगडात टिकत नाही.

महिषासुराचीच गोष्ट घ्या. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यात त्याच्या अखेरच्या झुंजीचे जे वर्णन आहे, त्यात तो एका रूपात क्षणभरही स्थिर राहत नाही: रेड्याचा सिंह होतो, सिंहाचे मस्तक उडताच खड्गधारी पुरुष होतो, पुरुषाचा हत्ती होतो, हत्तीची सोंड तुटताच पुन्हा रेडा होतो, आणि शेवटी देवीच्या पायाखाली सापडला असता स्वतःच्याच मुखातून अर्धा बाहेर पडलेल्या अवस्थेत मारला जातो. कथा सांगणाऱ्याला हे सोपे आहे, कारण त्याच्या हाताशी काळ असतो. परंतु पाथरवटाला या सगळ्या धावपळीतून एकच क्षण उचलून दगडात बसवावा लागतो, आणि तो कोणता उचलावा याविषयी भारतीय शिल्पकारांनी अनेक शतके जो विचार केला, तो मला आपल्या कलेतील अत्यंत उत्कंठावर्धक भाग वाटतो. मथुरेच्या कुषाणकालीन लहान मूर्तींत असुर अद्याप पूर्ण जनावर आहे आणि देवी त्याला निव्वळ हातांनी दाबून धरते. सातव्या शतकातल्या मामल्लपुरमला त्याला धिप्पाड मानवी देह मिळाला, मात्र मान संपताच रेड्याचे डोके आले, आणि तो गदा पेलून देवीसमोर बरोबरीच्या नात्याने उभा राहिला. वेरूळच्या कैलास लेण्यात तर त्याचा चेहराही माणसाचा झाला आणि रेडेपणाची खूण म्हणून डोक्यावर दोन शिंगे तेवढी उरली. पुढे जी रचना सर्वत्र रूढ झाली, तीत रेड्याचे मुंडके छाटलेले असते आणि त्या मानेतून माणूस बाहेर येत असतो. या सर्वांत मला वेरूळची योजना श्रेष्ठ वाटते. कारण जनावर आणि माणूस यांची सरहद्द तेथे इतकी बारीक केली आहे की, ती नेमकी कोठे ओलांडली गेली हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

वणीच्या गडाने मात्र याहून निराळा मार्ग काढला. येथे रेडा देवीच्या पायाशी नाही. मस्तक खाली, देवी वर, आणि मधे शेकडो पायऱ्यांची चढण. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी बांधविल्याचे सांगतात त्या पायऱ्या चढताना यात्रेकरूच त्या शिल्पातला मधला भाग होतो, असे माझे मत आहे. २०१८ पासून सुरू झालेल्या ट्रॉलीने वर जाणाऱ्यांची सोय निःसंशय झाली, वृद्धांना तर ती वरदानच आहे, परंतु ज्याचे पाय चालतात त्याने एकदा तरी रेड्यापासून देवीपर्यंतचे ते अंतर पायांनीच कापावे. २०२२ मध्ये मूर्तीवरील शेंदराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे थर उतरविण्यात आले आणि खडकातले मूळ कोरीव रूप दिसू लागले. मान किंचित एका बाजूस कललेली आहे. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी देवीचे माहात्म्य सांगत होते आणि ते ऐकण्यासाठी तिने मान कलती केली, अशी इकडे सर्वांची श्रद्धा आहे. या कलत्या मानेचा मला पुढे उपयोग होणार आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड म्हणून बसणारा म्हसोबा आणि देवीने मारलेला महिष यांचे नाते दामोदर कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात उलगडून दाखविले. एके ठिकाणी देवी ज्याला तुडवते, त्याचेच दुसऱ्या ठिकाणी तिच्याशी लग्न लागलेले असते, हे त्यांनी पायी हिंडून पाहिले होते. त्याहून मागे गेले तरी रेडा आहेच. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेली ब्राँझची चार शिल्पे, ज्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते, त्यांत बैलांचा रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा आहेत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात कोणीतरी एकशिंगी गेंडा ओतून त्याला चाके लावली, हे आठवले की युनिकॉर्नसाठी युरोपकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

वस्तुतः युरोपनेच आपल्याकडे पाहिले. इराणच्या बादशहाच्या पदरी वैद्य असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीकाने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिंदुस्थानातील एकशिंगी रानगाढवांचे वर्णन लिहिले, त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्यास विष बाधत नाही असेही लिहिले, आणि तेथून हा प्राणी पश्चिमेकडे निघाला. मार्को पोलोने सुमात्रात खरा गेंडा पाहिला तेव्हा त्याची निराशा झाली. युरोपातील राजांच्या जामदारखान्यांत जी पीळदार शिंगे सोन्याच्या मोलाने ठेवलेली होती, ती उत्तर ध्रुवाकडील समुद्रातल्या नारव्हाल या देवमाशाचे दात आहेत हे ओले वोर्म या डॅनिश वैद्याने १६३८ मध्ये दाखविले. हिंदुस्थानातील सिंधू मुद्रांवर सर्वाधिक आढळणारा प्राणीही एकशिंगीच आहे, आणि मनूची नौका ज्या मत्स्याच्या शिंगाला बांधली तोही शिंगवालाच. इतिहासाचा हा भाग एवढ्यावरच सोडतो.

गोव्याचा गेंडा मात्र सोडवत नाही. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क यास एक गेंडा नजर केला. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. राजा मॅन्युएलने त्याची हत्तीशी झुंज लावली तेव्हा हत्ती पळून गेला. पुढे तो पोपकडे भेटीदाखल पाठविला असता १५१६ च्या प्रारंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. दरम्यान जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्ट ड्यूरर या थोर चित्रकाराने केवळ एका पत्रातील वर्णनावरून आणि कच्च्या आराखड्यावरून त्याचे लाकडी ठशाचे चित्र कोरले. कातडीचे चिलखतासारखे पत्रे केले, आणि खांद्यावर एक जादा, लहानसे, पीळदार शिंग बसविले, जे कोणत्याही गेंड्याला नसते. ते शिंग पुढे सुमारे अडीच शतके युरोपातील प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत गेंड्याच्या खांद्यावर उगवत राहिले. प्रत्यक्ष प्राणी समुद्रतळाशी गेला आणि त्याच्यापासून झालेला कल्पित प्राणी जगला, याचे मला नेहमी आश्चर्य आणि थोडे दुःख वाटत आले आहे.

आपल्याकडे स्वतःचे म्हणून जनावर सर्वाधिक हौसेने बाळगले ते राजसत्तांनी. शरभ हा त्यांतला माझा विशेष आवडता. आठ पायांचा, सिंहालाही भारी असा शरभ महाभारताला ठाऊक आहे, कालिदासाच्या मेघदूतात तो मेघावर उडी घेऊ पाहतो, आणि नृसिंहाचा क्रोध शमविण्यासाठी शिवाने हेच रूप घेतले असे शैव पुराणे सांगतात. वैष्णवांनी त्यावर उत्तर म्हणून दोन डोक्यांचा गंडभेरुंड उभा केला. तंजावरकडील दारासुरमच्या देवळात शरभ देव आहे. तोच आपल्या सह्याद्रीत येऊन दरवाज्यावरचा शिपाई झाला. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाज्यावर पंजांत हत्ती पकडून उभे असलेले जनावर, शिवनेरीच्या दरवाज्यांवरील शरभ, यांना पाहताना लक्षात येते की सत्ता निजामशाही असो, सिद्दीची असो वा मराठ्यांची, पहाऱ्यावरचे जनावर बदलत नाही. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या देवळातील कीर्तिमुखाची हकीकत तशीच आहे: शिवाच्या क्रोधातून जन्मलेल्या त्या भुकेल्या जीवाला खावयास काही मिळेना, तेव्हा त्याने स्वतःचेच शरीर खाल्ले, मुख तेवढे उरले, आणि शिवाने त्याला देवळाच्या दारी कायमची नेमणूक दिली.

जमिनीत सापडलेल्या जीवाश्मांवरून अशी जनावरे कल्पिली गेली, असे मानणारा एक अभ्यासपंथ आहे. आपल्याकडे त्याला फारसा वाव नाही. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याचा, त्यात हाडे कोठून येणार? नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तीची कवटी सापडली होती हे खरे, तथापि आपले कल्पित प्राणी मला गोठ्यातून आणि रानातून आलेले वाटतात.

ही खात्री मला बोहाड्याने दिली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या भागांत होळीनंतर पावसाळ्यापर्यंतच्या रात्री बोहाडा हा सोंगांचा नाच चालतो, काही गावांत त्यालाच आखाडी म्हणतात. संबळ आणि पिपाणीच्या तालावर, मशालींच्या उजेडात एकेक सोंग रात्रभर नाचत येते: आरंभी गणपती, मोरपिसांचा पिसारा मिरविणारी सरस्वती, मग नृसिंह, वेताळ, राक्षस, वाघ, आणि पहाटेच्या सुमारास देवी व महिषासुर यांची झुंज. सोंगे घराण्यांकडे वंशपरंपरेने असतात आणि ज्याचे सोंग त्याची जबाबदारी, हा तेथला कायदा. जव्हारकडे एका वृद्ध मुखवटेकाराच्या पडवीत मी बराच वेळ बसलो होतो. कागदाच्या लगद्याचा रेडा त्याने उन्हात सुकत ठेवला होता. डोळे एवढे वर का रंगविले, नाचणाऱ्याला त्यांतून कसे दिसणार, असे मी विचारले तेव्हा त्याने मुखवटा उचलून माझ्या तोंडावर धरला आणि म्हणाला, “डोळं रेड्याचं. तुमी नाकाडातून बघा.” खरोखरच नाकपुड्यांच्या भोकांतून समोरचे अंगण स्वच्छ दिसत होते. रेड्याची नजर प्रेक्षकांवर आणि माणसाची नजर वाटेवर, अशी ही दुहेरी योजना पाहून मला वेरूळच्या त्या दोन शिंगांची आठवण झाली.

आता भाचीचे जनावर. अंग डांगी गाईचे घेतले: नाशिक–नगरच्या घाटातली ही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जात, जिच्या तेलकट कातडीवरून घाटातला मुसळधार पाऊस निथळून जातो आणि जिचे काळे खूर खडकाला दाद देत नाहीत. डोळे बिबट्याचे. पंखांचा आग्रह तिने धरला, तो मी मानला नाही. कारण चैत्रात खानदेशातून वणीकडे पायी येणाऱ्या यात्रेकरूंच्या पुढे चालणे हे या जनावराचे काम ठरले होते, आणि ज्याला उडता येते त्याला चालणाऱ्याची तहान कळणार नाही. पंखांऐवजी सरस्वतीच्या सोंगावरची मोरपिसे आयाळ म्हणून द्यावयाचे आम्ही कबूल केले. तहान हाच त्याचा शत्रू: वाटेवरच्या झऱ्यात शिंग बुडवून पाणी निर्मळ करावयाचे, आणि गडावर शिवालय तलावाशी मुक्काम करावयाचा.

शिंगावर वाद पुष्कळ झाला. येवल्याकडील ममदापूरच्या माळावरचे काळवीट तिने पाहिले होते आणि त्याचे पीळदार शिंग कपाळाच्या मधोमध हवे होते. ते दिसले असते सुंदर, पण झाले असते पुन्हा फुग्यावरचेच. अखेरीस मी सुचविले की हे महिषाचे वासरू समजावे. झुंजीत त्याचे एक शिंग मोडले, देवीने त्याला जीवदान दिले आणि यात्रेच्या वाटेवर चाकरीला लावले. म्हणजे शिंग रेड्याचे, बाजूला वळलेले, एकच. आणि त्याच्या भाराने मान एका अंगाला कललेली, वरच्या मूर्तीसारखी. हे तिला इतके पटले की वितभर मातीचे जनावर तिने त्याच दिवशी केले. नाव तिने ठेवले आहे. ते तिचे असल्याने येथे छापीत नाही.

आता त्याचा मुखवटा करावयाचा आहे, आणि तो उन्हाळ्यात केलेला बरा, कारण पावसाळी हवेत लगदा आतून ओला राहतो. शिंग भरीव केले तर मुखवटा घालणारीची मान दुखेल, म्हणून ते बांबूच्या कामट्यांवर पोकळ उभारावे लागेल; वजनाचा तोल राहावा म्हणून मोडक्या शिंगाच्या बुंध्यात कागदाचे थर जास्त द्यावे लागतील; आणि बिबट्याचे डोळे कपाळाजवळ रंगवून नाकपुड्या चांगल्या रुंद ठेवाव्या लागतील.