स्वतःचा कथासंग्रह स्वतः काढताय?

दिवाळी अंकांत छापून आलेल्या कथा आपल्याच असतात का? हक्क लेखी दिले नसतील तर बहुतेक वेळा हो. दिले असतील आणि मुदत लिहिलेली नसेल, तर कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते. जुनी पत्रं शोधाच.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर सावध व्हा.

खरी गंमत छपाईत आहे. ऑफसेटवर पुस्तक सहसा सोळा पानांच्या फर्म्यात छापतात. मजकूर १३० पानांवर संपला तर शेवटच्या दोन पानांसाठी जवळजवळ अख्खा फर्मा वाढतो! अशा वेळी कथांचा क्रम, समासाची रुंदी, अर्पणपत्रिका असं सगळं हलवून पाहायचं. पन्नास-शंभर प्रतीच हव्यात तर डिजिटल छपाई बरी. प्रत महाग पडते, पण माळ्यावर गठ्ठे साचत नाहीत. युनिकोडमधला मजकूर डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात, म्हणून मुद्रितशोधन मांडणीनंतर पुन्हा एकदा. मुखपृष्ठावर खर्च करताना हात न आखडणारी मंडळी इथे मात्र काटकसर करतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

आणि हो, १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत तीस दिवसांत, स्वखर्चाने पाठवायची असते. मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही.