आबे फारिया व निद्राविद्या

पणजीस मांडवीच्या कांठीं, जुन्या सचिवालयाशेजारीं, ब्राँझचा एक पुतळा उभा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढें पसरून उभा असून, त्या हातांखालीं एक स्त्री मागें कलून निद्रिस्त होत आहे, असें हें शिल्प आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं घडविलेला हा पुतळा १९४५ सालीं उभारण्यांत आला. पाहणारास सहजच वाटतें कीं, पाद्र्याच्या बोटांतून कांहीं अदृश्य शक्ति निघून त्या स्त्रीस व्यापीत आहे. परंतु ज्याचा हा पुतळा, त्या आबे फारियाचें म्हणणें नेमकें याच्या उलट होतें. शिल्पाच्या गुणांस उणेपणा आणण्याचा आमचा हेतु नाहीं; परंतु पुतळा व पुस्तक यांत विरोध आल्यास संशोधकानें पुस्तकाची साक्ष प्रमाण मानावी, हें दाखविण्याकरितां प्रस्तुत लेख लिहिला आहे.

जोजे कुस्तोदियु द फारिया याचा जन्म बारदेशांतील कांदोळी येथें १७५६ सालीं झाला. १७७१ सालीं तो वडिलांबरोबर लिस्बन येथें पोंचला. पुढें रोम येथें त्याचें धर्मशास्त्राचें अध्ययन होऊन १७८० सालीं त्यास पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. १७८८ सालीं तो पॅरिसास गेला, आणि १८१३ सालीं तेथेंच त्यानें निद्राविद्येचे जाहीर प्रयोग आरंभिले.

फारिया भर सभेंत गोंधळला असतां वडिलांनीं कोंकणींत 'हे सारे भाजीपाला आहेत, काप' अशा अर्थाचे शब्द हळूच उच्चारून त्यास धीर दिला, अशी एक गोष्ट गोव्यांत सांगतात. गोष्ट गोड आहे. तथापि तिजवरून त्याच्या सिद्धांताचा उगम ठरविणें म्हणजे दंतकथेवर इमारत उभारणें होय. तीच गोष्ट अलेक्झांदर द्यूमाच्या 'मोंते क्रिस्तो' या कादंबरीची. तींतील बंदिवान फारिया इटालियन आहे. नांवापलीकडे आमच्या फारियाशीं त्याचें साम्य फार थोडें आहे. या दोन्ही बाजूस ठेवल्या म्हणजे मुख्य साधन उरतें तें त्याचें स्वतःचें पुस्तक. 'सुबोध निद्रेचें कारण' अशा अर्थाच्या नांवाचा त्याचा पहिला भाग १८१९ सालीं पॅरिस येथें निघाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ग्रंथकार निवर्तला, व पुढील भाग प्रसिद्ध झाले नाहींत. १९०६ सालीं डॉ. दालगादु यांनीं उपलब्ध भाग पुन्हा छापविला, म्हणून तो आज अभ्यासकांस सुलभ आहे.

या पुस्तकाचें महत्त्व कळण्यास त्यापूर्वींची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. फ्रान्ट्स मेस्मर याच्या मतें सर्व विश्वांत एक सूक्ष्म चुंबकद्रव भरलेला असून, वैद्य तो रोग्याच्या देहांत हस्तचालनानें खेळवितो. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें या मताच्या चौकशीकरितां मंडळ नेमलें. त्यांत फ्रँकलिन व लाव्हाझिए हे होते. असा द्रव नाहीं, दिसतात ते परिणाम कल्पनेचे, असा निकाल मंडळानें दिला. निकाल योग्य होता. परंतु निव्वळ कल्पनेनें असे परिणाम होतात तरी कसे, हा प्रश्न तसाच राहिला. फारियानें हात घातला तो याच प्रश्नास.

त्याची रीत साधी होती. माणसास स्वस्थ बसवावें, डोळे मिटून निद्रेचेंच चिंतन करण्यास सांगावें, आणि मन शांत झालें असें दिसतांच मोठ्यानें 'झोपा' अशी आज्ञा करावी. एकदां परिणाम न झाल्यास आज्ञा पुन्हा करावी. तरीही न साधल्यास उघडा तळहात एकटक पाहावयास लावून तो हळूहळू जवळ आणावा. निद्रा लागल्यावर सूचनेनें हातपाय जखडल्यासारखे होत, व साधें पाणी मद्यासारखें लागे. यांतील कारण निद्रा आणणाराच्या अंगीं नसून निद्रिस्ताच्या एकाग्रतेंत आहे, असें त्यानें स्पष्ट प्रतिपादिलें. निद्रासुलभतेचें मूळ रक्ताच्या पातळपणांत आहे, हें त्याचें दुसरें मत मात्र टिकलें नाहीं. १८१६ सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर या विद्येची टवाळी करणारें प्रहसन झालें व त्याची लोकांत नाचक्की झाली. द्रववादी त्यास आपला मानीत नव्हते, आणि विद्वान् त्यास भोंदू समजत. अशा कात्रींत तो सांपडला.

कार्य खरें व कारण खोटें, याचें ठळक उदाहरण आपल्या देशांतच घडलें. बंगाल्यांत हुगळी येथें जेम्स एस्डेल या शस्त्रवैद्यानें १८४५ सालच्या एप्रिलांत अंडवृद्धीच्या एका रोग्यास हस्तचालनानें निद्रिस्त करून शस्त्रक्रिया केली. पुढें त्यानें अशा अनेक शस्त्रक्रिया केल्या. तासन्‌तास हात फिरविण्याचें काम त्याचे देशी साहाय्यक करीत. १८४६ सालीं सरकारी समितीनें चौकशी केल्यावर कलकत्त्यास त्याच्याकरितां स्वतंत्र रुग्णालय उघडलें. परंतु त्याच सालीं ईथर व १८४७ सालीं क्लोरोफॉर्म यांचा शोध प्रसिद्ध झाला, आणि या श्रमसाध्य उपायाची गरज ओसरली. एस्डेल अखेरपर्यंत देहांतून देहांत वाहणाऱ्या द्रवासच कारण मानीत राहिला. इकडे मँचेस्टर येथें जेम्स ब्रेड यानें १८४३ च्या ग्रंथांत या विद्येस 'हिप्नॉटिझम' या नांवाखालीं नवी बैठक दिली, आणि पुढें नान्सी येथील बर्नहेम यानें सूचनेचें तत्त्व प्रस्थापित केलें. त्याचें मूळ फारियाच्या पुस्तकांत आहे.

आज या विद्येचा उपयोग कोठें होतो, हेंही सांगणें अवश्य आहे. ब्रिटिश वैद्यक संघाच्या समितीनें १८९२ सालीं, व पुन्हा १९५५ सालीं, वेदनाशमनादि कामीं तिची उपयुक्तता मान्य केली. आंतड्याच्या चिवट विकारांत औषधें वर्षभर देऊनही गुण न आल्यास संमोहनोपचाराचा विचार करावा, असें इंग्लंडांतील 'नाइस' या संस्थेनें २००८ सालीं सुचविलें. तथापि सर्वांस सारखी निद्रा लागत नाहीं. आणि या अवस्थेंत 'आठवलेल्या' गोष्टी साक्ष म्हणून विश्वसनीय नसतात, हें इतिहासाभ्यासकांनीं तरी विसरूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. मोहिनी, वशीकरण, मेस्मेरिझम, संमोहन हीं नांवें जुन्या पोथ्यांत व छापील पुस्तिकांत एकमेकांच्या जागीं येतात. केवळ नांवावरून पोथीचें कूळ ठरवूं नये. शक्ति करणाराच्या हातांत आहे असें ग्रंथकार मानतो, कीं ती ज्यावर प्रयोग होतो त्याच्या मनांत आहे असें म्हणतो, हें आधीं पाहावें. हस्तचालनावर भर असल्यास मेस्मरची छाया, सूचनेवर भर असल्यास फारिया-बर्नहेमची, असें सामान्यतः अनुमान करितां येईल. मात्र इतर पुराव्यावांचून त्यावरून काल ठरवूं नये. असो. कांदोळीच्या या पाद्र्यानें आपल्या हातांत सामर्थ्य आहे असें कधींच म्हटलें नाहीं. त्याचें हें म्हणणें त्याच्या स्मारकापेक्षां त्याच्या पुस्तकांतच वाचावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.