अकरा महिन्यांचा करार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधायला निघालेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी करून टाकू, नोंदणीची काही गरज नाही.’ एजंट ते ठासून सांगतो, घरमालक दुजोरा देतो आणि कायदाच तसा असेल असं समजून भाडेकरू सही करतो. महाराष्ट्रापुरतं हे विधान साफ चुकीचं आहे. तरीही ते वर्षानुवर्षं तोंडोतोंडी फिरत राहतं याची चीड येते, कारण पुढे अनामत अडकली किंवा अचानक घर सोडायला सांगितलं, की त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा घर घेणाऱ्यावरच पडतो.

गैरसमजाला दोन मुळं आहेत. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणं सक्तीचं आहे. तेव्हा मुदत एक महिन्याने कमी ठेवली की काम भागतं, अशी पळवाट देशभर रूढ झाली. दुसरं मूळ खास आपल्याकडचं. मुंबईच्या 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी लिव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू मानलं गेलं. तेव्हापासून ‘जास्त दिवस राहू दिलं तर घर हातचं जाईल’ ही धास्ती मालकांच्या मनात घर करून बसली. पण 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे आणि त्याच्या कलम 55 मध्ये संदिग्धता नाही. भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिने आहे की तेहेतीस, याने फरक पडत नाही. नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा असतो. महिना 20,000 रुपये भाडं, परत मिळणारी 1,00,000 रुपये अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरू. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के, म्हणजे इथे पावणेसहाशे रुपयांच्या आसपास. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क 1,000 रुपये. लाखभर रुपये अनामत देताना एवढा खर्च वाचवण्यात कोणाचंच हित नाही. दुसरा आक्षेप असा, की नोंदणी केली तर राहणारा घर सोडणार नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मुदत संपूनही ताबा दिला नाही, तर कलम 24 नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, तिथे लेखी करार हा निर्णायक पुरावा ठरतो आणि घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. नोंदणीला बिचकणारा मालक स्वतःचंच सर्वांत भक्कम संरक्षण गमावत असतो.

इथे घर शोधणाऱ्यानेही एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लिव्ह अँड लायसन्समध्ये घर वापरण्याची परवानगी मिळते, भाडेकरूचा हक्क मिळत नाही. जुन्या चाळीतल्या पागडीच्या भाडेकरूला जे संरक्षण आहे, म्हणजे भाडं नियमित भरत असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्याला बाहेर काढता येत नाही, ते लायसन्सवर राहणाऱ्याला लागू नाही. म्हणून त्याचं संरक्षण करारातल्या कलमांतूनच उभं राहतं. लॉक-इनचा काळ दोघांनाही बांधतो की फक्त त्याला? नोटीस किती दिवसांची? अनामत चावी परत देताना त्याच वेळी मिळणार की नंतर कधीतरी? रंगरंगोटीच्या नावाखाली किती रक्कम कापता येईल? नूतनीकरणाच्या वेळी भाडं किती टक्क्यांनी वाढेल? यांची उत्तरं कागदावर नसतील, तर ‘मालक फार चांगले आहेत’ या शिफारशीला वादाच्या वेळी काही किंमत उरत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे किंवा राज्याच्या ऑनलाइन ई-नोंदणी व्यवस्थेतच होते. पोलिसांना दिलेली माहितीही कराराची जागा घेत नाही. बारा वर्षं राहिलं की भाडेकरू मालक होतो, हे खोटं. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा त्याच्याविरुद्धचा ताबा ठरत नाही. दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, ही मर्यादा केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. जे राज्य तो स्वीकारेल तिथेच ती लागू होते. भाडेकरूला हुसकावण्यासाठी मालक पाणी-वीज तोडू शकतो, हेही खोटं. सबळ कारणाशिवाय तसं करायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 ने मनाई आहे. आणि घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मनाला येईल ते शुल्क लावू शकत नाही. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपुरतं मर्यादित आहे.

म्हणून भाड्याचं घर बघताना स्टेशन किती लांब आणि पाणी किती तास, याच्या बरोबरीने आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: घराची इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) कोणाच्या नावावर आहे, आणि कराराची नोंदणी चावी हातात येण्याआधी होणार का. या दोन प्रश्नांवर जो मालक टाळाटाळ करतो, त्याचं घर कितीही हवेशीर असलं तरी ते घेऊ नये. मुदतीच्या आकड्यावरून घासाघीस करण्यात जो वेळ जातो, तो कराराची कलमं वाचण्यात घालवला, तर सध्याच्या कायद्यात मिळू शकणारं संरक्षण भाड्याने राहणाऱ्याच्या पदरात नक्की पडेल.